बाटानमधली २०० वी कोस्ट आर्टिलरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये लढलेल्या अमेरिकेच्या २०० व्या कोस्ट आर्टिलरी रेजिमेंटबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, किचकट मागून. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ही रेजिमेंट नेमकी कोणती? थोडक्यात सांगाल का?

न्यू मेक्सिको राज्याच्या नॅशनल गार्डची विमानविरोधी तोफखान्याची रेजिमेंट. नॅशनल गार्ड म्हणजे एरवी नोकरी-शेती सांभाळणारी आणि ठरल्या दिवशी कवायतीला येणारी माणसं, साधारण आपल्या टेरिटोरियल आर्मीसारखी. ६ जानेवारी १९४१ रोजी त्यांना केंद्र सरकारच्या सेवेत घेतलं गेलं, टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिसला प्रशिक्षण झालं आणि सप्टेंबर १९४१ मध्ये सुमारे १,८०० जण मनिलाला उतरले. क्लार्क फील्ड हा विमानतळ आणि शेजारची फोर्ट स्टॉट्सेनबर्ग छावणी यांचं हवाई हल्ल्यापासून रक्षण हे त्यांचं काम. ८ डिसेंबर १९४१ ला जपानने हल्ला केला तेव्हा त्यांनी पहिला गोळा डागला. ९ एप्रिल १९४२ ला फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरचं बाटान द्वीपकल्प जपानच्या हाती पडलं आणि ते युद्धकैदी झाले. त्यातले निम्मेच घरी परतले.

२. न्यू मेक्सिकोला समुद्रच नाही. मग ‘कोस्ट आर्टिलरी’, म्हणजे किनारी तोफखाना, कसा?

नावामुळे सगळ्यांचाच गोंधळ होतो. पहिल्या महायुद्धात विमानं आली, तेव्हा ती पाडायची जबाबदारी अमेरिकी लष्कराने किनारी तोफखान्याकडे सोपवली. बंदरांवरच्या या गोलंदाजांना हलत्या जहाजाचा वेग आणि अंतर मोजून त्याच्या पुढच्या जागेवर नेम धरायची सवय होती. विमानाच्या बाबतीतही गणित तेच, फक्त त्यात उंचीची भर पडते. त्यामुळे वाळवंटी राज्यातल्या विमानविरोधी तुकडीलाही ‘कोस्ट आर्टिलरी’ म्हणत.

आणखी एक गंमत म्हणजे ही माणसं मुळात घोडेस्वार होती. १९४० पर्यंत ही तुकडी १११ वी कॅव्हलरी होती. घोडे गेले आणि तोफा आल्या. बाटानमध्ये घोड्यांशी त्यांची पुन्हा गाठ पडली, पण ती फार वेगळ्या प्रकारे (प्रश्न ९).

३. यांनाच फिलिपिन्सला का पाठवलं? स्पॅनिश येत होतं म्हणून?

हे कारण न्यू मेक्सिकोत घरोघरी सांगितलं जातं. रेजिमेंटमध्ये स्पॅनिश बोलणारे पुष्कळ होते आणि फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य तीनशेहून अधिक वर्षं होतं, त्यामुळे ते पटण्यासारखंही वाटतं. पण १९४१ मध्ये लुझॉनच्या खेड्यातला शेतकरी टागालोग किंवा कापाम्पांगान बोलायचा. स्पॅनिश वरच्या वर्गातल्या घरांत उरली होती. दुसरं कारण असं की फोर्ट ब्लिसच्या सरावात ही तुकडी सरस ठरली होती, आणि त्या उन्हाळ्यात जपानशी संबंध ताणले गेल्याने फिलिपिन्सला विमानविरोधी तोफखान्याची तातडीने गरज होती. मला हे दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं. भाषेचा मुद्दा फार तर त्याला जोड म्हणून आला असेल.

४. सैनिकांच्या वर्णनात ‘इंडियन’ असं दिसतं. रेजिमेंटमध्ये भारतीय होते का?

नाही. तिथे ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी: नवाहो, प्वेब्लो, अपाची. टाओस, गॅलप, डेमिंग, कार्ल्सबाड, क्लोव्हिस, सिल्व्हर सिटी, आल्बुकर्की, सांता फे अशा गावांमधून ही रेजिमेंट उभी राहिली. त्यामुळे मेक्सिकन वंशाचे, गोरे आणि आदिवासी असे तिन्ही तरुण एकाच तोफेवर असायचे.

याच्याशी जोडूनच कायम विचारलं जातं की नवाहो ‘कोड टॉकर’, म्हणजे आपल्या भाषेतून गुप्त संदेश पाठवणारे जवान, हेच का? तेही नाही. कोड टॉकर मरीन कोअरमध्ये होते आणि त्यांची भरती १९४२ मध्ये सुरू झाली. तोवर २०० वीचे नवाहो जवान बाटानमध्ये लढत होते किंवा कैदेत होते.

जपानच्या कैदेत भारतीय सैनिकही होते, पण त्यांची कहाणी वेगळी आहे. बाटानच्या साधारण साडेसात आठवडे आधी, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं तेव्हा ब्रिटिश भारतीय सैन्याचे हजारो जवान पकडले गेले.

५. त्यांच्याकडे कोणती हत्यारं होती?

उंचावरच्या विमानांसाठी ३ इंची तोफा, मध्यम आणि कमी उंचीसाठी ३७ मिलिमीटरच्या तोफा, अगदी खालून येणाऱ्यांसाठी पॉइंट फिफ्टी मशीनगन, आणि रात्रीसाठी मोठाले सर्चलाइट. विमानाची उंची दुर्बिणीसारख्या यंत्राने मोजायची, तो आकडा नेम काढणाऱ्या यंत्राला द्यायचा, आणि त्यातून तोफेची दिशा, कोन आणि गोळा किती सेकंदांनी फुटावा हे ठरायचं. हा तिसरा आकडा लक्षात ठेवा. प्रश्न ७ सगळा त्यावरच आहे.

६. ८ डिसेंबरला क्लार्क फील्डवर काय घडलं? पर्ल हार्बरची बातमी मिळूनही विमानं जमिनीवर कशी सापडली?

तारखेपासून सुरुवात करू. हवाईत ७ डिसेंबरची सकाळ होती तेव्हा आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या अलीकडे मनिलात ८ डिसेंबरची पहाट होती. दिवस एकच. पर्ल हार्बरची बातमी फिलिपिन्सला उजाडण्याआधी पोहोचली होती. जपानच्या ताब्यातल्या तैवानमधल्या धावपट्ट्यांवर दाट धुकं पडल्यामुळे जपानी विमानांना उशीर झाला. तिकडे क्लार्कवरची बी-१७ बॉम्बर विमानं सकाळी खबरदारी म्हणून हवेत पाठवली होती, ती इंधन आणि बॉम्ब भरायला खाली उतरली. इबा इथल्या रडारवर येणारी विमानं दिसली, पण इशारा क्लार्कपर्यंत वेळेत पोहोचला नाही.

दुपारी साडेबाराच्या सुमाराला लोक जेवत होते. उंचावर नीटस रांगेत विमानं दिसली तेव्हा काहींना ती आपलीच वाटली. मग बॉम्ब पडू लागले. एकामागून एक बॉम्बरच्या दोन लाटा आल्या आणि त्यांच्या मागोमाग झीरो लढाऊ विमानं जमिनीलगत येऊन गोळीबार करू लागली. फिलिपिन्समधल्या ३५ बी-१७ पैकी जवळजवळ निम्मी त्या तासाभरात गेली.

उंचावरच्या बॉम्बरपुढे ३ इंची तोफा हतबल ठरल्या. झीरो खाली आली तेव्हा मात्र ३७ मिलिमीटर तोफा आणि मशीनगनवाल्यांनी उघड्यावर उभं राहून मारा केला. कित्येकांनी खरा गोळा आयुष्यात पहिल्यांदा त्या दुपारी डागला होता.

७. ‘सहापैकी एकच गोळा फुटला’ हे खरं आहे का? असं कसं होऊ शकतं?

खरं आहे. अमेरिकी लष्कराच्या अधिकृत इतिहासातही ते नोंदलेलं आहे. या रेजिमेंटबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा मिळाली, तर मी हीच सांगेन.

विमानविरोधी गोळा विमानाला थेट लागावा अशी कोणाची अपेक्षा नसते. तो विमानाजवळ हवेत फुटायला हवा, म्हणजे उडणारे तुकडे काम करतात. त्यासाठी गोळ्याच्या टोकाला फ्यूज असतो. जुन्या प्रकारच्या फ्यूजमध्ये दाबून भरलेल्या दारूचं एक कडं असे. सुतळी बॉम्बची वात डोळ्यांसमोर आणा: वात जितकी लांब तितका उशीर. इथे ही वात कड्यात गोल बसवलेली असे आणि कडं फिरवून किती लांबी जळायची ते ठरवत. गोळा सुटला की वात पेटायची आणि नेमलेल्या सेकंदाला स्फोट व्हायचा.

दिवाळीतले उरलेले फटाके पावसाळाभर माळ्यावर ठेवले तर पुढल्या वर्षी त्यांचं काय होतं, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. ते सादळतात. २०० वीच्या वाट्याला आलेल्या दारूगोळ्यात सर्वांत नवा माल १९३२ चा होता. बरेच फ्यूज गंजून गेले होते. वात मध्येच विझे, नाहीतर पेटतच नसे.

जे गोळे फुटत, त्यांची दुसरीच अडचण होती. जपानी बॉम्बर २२ ते २५ हजार फुटांवरून आले आणि गोळे त्यांच्या दोन ते चार हजार फूट खालीच फुटत होते. घड्याळाच्या यंत्रणेवर चालणारे नवे फ्यूज तोवर तयार झाले होते आणि त्यांच्यामुळे तोफेचा पल्ला वाढत होता. ते या लोकांपर्यंत पोहोचले नव्हते.

तोफेवरच्या माणसाच्या नजरेने पाहा. उंची बरोबर मोजली, नेम बरोबर धरला, फ्यूजचं कडं बरोबर फिरवलं, गोळा वेळेत भरला. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. आणि वर आकाशात काहीच झालं नाही. ‘तोफखान्याने विमानं का पाडली नाहीत’ असं विचारण्याआधी हे माहीत असायला हवं.

८. ५१५ वी रेजिमेंट वेगळी होती का?

कागदावर वेगळी, माणसं तीच. ८ डिसेंबरच्या रात्रीच २०० वीतल्या सुमारे ५०० जणांना मनिलाच्या रक्षणासाठी पाठवलं गेलं. तिथे मिळतील त्या तोफा घेऊन त्यांनी नवी तुकडी उभी केली, तीच पुढे ५१५ वी कोस्ट आर्टिलरी झाली. २०० वीचे प्रमुख कर्नल चार्ल्स सेज डेमिंगमधले वृत्तपत्रवाले होते, ५१५ वीची सूत्रं कर्नल हॅरी पेक यांच्याकडे आली. स्मारकांवर आणि बहुतेक आकडेवारीत दोन्ही एकत्र धरतात. इथेही तसंच केलं आहे.

९. डिसेंबरनंतर एप्रिलपर्यंत त्यांनी काय केलं?

आधी माघारीचं रक्षण. डिसेंबरअखेर सगळं सैन्य बाटान द्वीपकल्पाकडे सरकत होतं आणि त्या वाटेतली अडचणीची अरुंद जागा होती पाम्पांगा नदीवरचे कालुम्पितचे पूल. वाहनांची रांग तिथून जात असताना ते पूल विमानांच्या माऱ्यापासून वाचवायचे होते. १ जानेवारी १९४२ च्या सकाळी शेवटची तुकडी पार झाल्यावर पूल उडवण्यात आले. युद्धाच्या पुस्तकांत या कामाला एखादी ओळ मिळते, पण हजारो माणसं त्या पुलांवरून निसटली. माझ्या मते २०० वीची सर्वांत मोठी कामगिरी हीच.

पुढे बाटानच्या दक्षिण टोकाकडे, काबकाबेन आणि बाटान धावपट्ट्यांभोवती त्यांनी तोफा लावल्या. तिथे खरा शत्रू भूक होती. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शिधा निम्मा झाला. जानेवारीत माणशी दिवसाला सुमारे २,००० कॅलरी मिळत, फेब्रुवारीत १,५००, मार्चमध्ये १,०००. भात, थोडे मासे, कधी रेड्याचं मांस. मग माकडं, घोरपडी, हाती लागेल ते. मार्चच्या मध्यावर २६ व्या कॅव्हलरीचे घोडे कापावे लागले. न्यू मेक्सिकोची ही माणसं दोन वर्षांपूर्वीपर्यंत घोडेस्वार होती, हे आठवलं की त्या घासाची कल्पना येते. त्यात मलेरिया, हगवण, बेरीबेरी, आणि क्विनाइनचा तुटवडा.

११ मार्चच्या रात्री फिलिपिन्समधल्या सैन्याचे प्रमुख जनरल मॅकआर्थर आदेशानुसार कोरेगिदोर, म्हणजे बाटानसमोरचं तटबंदीचं बेट, सोडून ऑस्ट्रेलियाकडे निघाले. कुमक आली नाही.

१०. शेवटच्या रात्री गोलंदाजांना पायदळ म्हणून लढवलं, हे खरं का?

हो. ३ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, जपानी सैन्याचा निर्णायक हल्ला सुरू झाला आणि चार-पाच दिवसांत पूर्वेकडची फळी कोसळली. ८ एप्रिलच्या संध्याकाळी हाताशी जी काही सलग तुकडी उरली होती ती या दोन रेजिमेंटची. आपल्या विमानविरोधी तोफा स्वतःच्या हाताने निकामी करा आणि रायफली घेऊन काबकाबेन धावपट्टीच्या दक्षिणेच्या टेकाडावर फळी धरा, असा हुकूम आला. त्या रात्री भूकंप झाला. दारूगोळ्याची कोठारं उडवली जात होती, त्या धडाक्यांत कित्येकांना जमीन नेमकी कशाने हलते आहे हेच कळेना.

सकाळी बाटानमधल्या सैन्याचे प्रमुख जनरल एडवर्ड किंग यांनी शरणागती दिली.

११. शरणागती पत्करली, मग एवढा गौरव कशाला?

हा प्रश्न दर काही दिवसांनी येतो, कधी जरा हिणवण्याच्या सुरात. शरण जायचं हे तोफेवरच्या माणसाने ठरवलं नव्हतं. किंग यांनी तो निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेतला, कारण लढत राहिलं असतं तर उपासमारीने आणि तापाने उभं राहता न येणारी हजारो माणसं कापली गेली असती. लढायला सांगितलं तोवर ही माणसं लढली, आणि थांबायला सांगितलं तेव्हा थांबली. अर्ध्या उपाशी माणसांनी फुटत नसलेल्या गोळ्यांनिशी चार महिने मोर्चा धरला. याहून जास्त त्यांच्याकडून काय हवं होतं, हे मला खरंच कळत नाही.

१२. ‘बाटान डेथ मार्च’मध्ये, म्हणजे शरणागतीनंतर कैद्यांना सक्तीने पायी नेलं त्या कूचमध्ये, रेजिमेंटचे सगळे होते का?

बहुतेक सगळे, पण सगळे नाही. काहीजण खाडी ओलांडून कोरेगिदोरला पोहोचले आणि ते बेट ६ मे रोजी पडल्यावर तिथे पकडले गेले.

बाकीच्यांना मारिवेलेसपासून सान फर्नांडोपर्यंत सुमारे १०५ किलोमीटर चालवलं. महिना एप्रिल, म्हणजे लुझॉनमधला ऐन उन्हाळा. विदर्भातल्या वाचकाला डोक्यावर काही न घेता त्या दिवसांत चालणं काय असतं ते सांगायला नको. रस्त्यालगत पाझरणारे झरे दिसत, पण पाण्याकडे वळणाऱ्यावर संगीन चाले. मागे पडणाऱ्याचंही तेच. सान फर्नांडोहून बंद मालडब्यांत शंभरेक माणसं उभी कोंबून कापासला नेलं. काही उभ्या उभ्या मेली, कारण पडायलाही जागा नव्हती. तिथून पुन्हा चालत ओ’डॉनेल छावणी.

या कूचमध्ये ५०० ते ६५० अमेरिकन मेले आणि हजारो फिलिपिनो. फिलिपिनो सैनिकांची संख्या अमेरिकनांच्या पाचपट होती, आणि मराठीत लिहितानाही त्यांचा उल्लेख राहून जातो. रस्त्याकडेला उभं राहून भाताचे गोळे आणि उसाची कांडकी कैद्यांकडे फेकणारे गावकरीही फिलिपिनोच. त्यातल्या काहींना त्यासाठी जीव गमवावा लागला.

१३. मग सर्वांत जास्त मृत्यू त्या कूचमध्येच झाले ना?

नाही, आणि हा फार पसरलेला गैरसमज आहे. कूचनंतरच्या छावण्यांनी जास्त माणसं खाल्ली. हजारोंच्या ओ’डॉनेलमध्ये मोजके नळ होते आणि एक बाटली पाण्यासाठी तासन्‌तास रांग लागे. तिथे सुमारे १,५०० अमेरिकन आणि वीस हजारांहून अधिक फिलिपिनो मेले. त्यानंतर काबानातुआनची छावणी.

मग आली ‘हेल शिप’, म्हणजे कैद्यांना जपानकडे मजुरीला नेणारी मालवाहू जहाजं. त्यांच्यावर कैद्यांची कुठलीच खूण नसे, त्यामुळे अमेरिकेच्याच पाणबुड्या आणि विमानांनी त्यातली काही बुडवली. २४ ऑक्टोबर १९४४ ला आरिसान मारू बुडालं तेव्हा त्यावर सुमारे १,८०० कैदी होते, त्यातले नऊ वाचले. डिसेंबर १९४४ मध्ये सुबिकच्या उपसागरात ओर्योकू मारूही बुडालं. ही सर्व अमेरिकी कैद्यांची संख्या आहे, एकट्या २०० वीची नव्हे. दोन्ही आकडे मिसळू नका.

१४. किती परतले?

१,८०० पैकी सुमारे ९००. नुसत्या आकड्यावरून याचं वजन कळत नाही. न्यू मेक्सिको क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून किंचित मोठं आहे, पण १९४० मध्ये तिथे माणसं होती जेमतेम सव्वापाच लाख, म्हणजे आजच्या सांगली-मिरज-कुपवाडच्या आसपास. त्यातही एकेका गावची पोरं एकेका बॅटरीत, म्हणजे तोफखान्याच्या छोट्या तुकडीत, एकत्र होती. टाओससारख्या लहान गावात तार आली तर ती एका घराची राहत नसे. एप्रिल १९४२ मध्येच आल्बुकर्कीतल्या कुटुंबांनी ‘बाटान रिलीफ ऑर्गनायझेशन’ उभी केली आणि कैद्यांना मदत पोहोचावी म्हणून सरकारमागे तगादा लावला.

१५. ‘सर्वांत आधी गोळी झाडणारी, सर्वांत शेवटी शस्त्र ठेवणारी’ हे बिरुद अचूक आहे का?

मॅकआर्थर गेल्यावर फिलिपिन्समधल्या सैन्याचे प्रमुख झालेले जनरल वेनराइट यांनी युद्धानंतर केलेल्या गौरवातून ते आलं आहे. तंतोतंत पाहिलं तर त्याला अपवाद आहेत. पर्ल हार्बरच्या तोफा आधी चालल्या होत्या. फिलिपिन्समध्येही त्याच सकाळी दावाओ आणि बागियोवर क्लार्कच्या आधी बॉम्ब पडले होते. शेवटाचं म्हणाल तर कोरेगिदोर बाटाननंतर जवळजवळ महिनाभर टिकलं. पण बाटानच्या मर्यादेत दुसरा भाग रास्त आहे (प्रश्न १०), आणि वेनराइट यांच्या हाताखालच्या तुकड्यांपुरता पहिलाही. ज्या माणसाने हे म्हटलं तो स्वतः तीन वर्षं कैदेत होता. मी ते बिरुद वापरतो, फक्त कोणी खुलासा विचारला तर वरचं सांगतो.

१६. कोरेगिदोरची विमानविरोधी रेजिमेंट हीच का?

नाही, ती ६० वी कोस्ट आर्टिलरी, नियमित सैन्याची. फ्यूजचं दुखणं मात्र तिथेही होतं. फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला ट्राउट ही पाणबुडी नाकेबंदी चुकवून कोरेगिदोरला ३ इंची तोफांचे ३,५०० गोळे घेऊन आली, घड्याळी फ्यूजवाले. परत जाताना भार म्हणून तिने फिलिपिन्सच्या खजिन्यातलं सुमारे २० टन सोनं-चांदी नेलं.

१७. या अत्याचारांबद्दल कोणाला शिक्षा झाली का? जपानने माफी मागितली का?

जपानी सेनापती मासाहारू होम्मा यांच्यावर मनिलात खटला चालला आणि ३ एप्रिल १९४६ रोजी त्यांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. बाटान-कोरेगिदोरच्या माजी कैद्यांच्या मेळाव्यात अमेरिकेतले जपानी राजदूत इचिरो फुजिसाकी यांनी माफी मागितली ती २००९ मध्ये. तोवर ऐकायला फार थोडे उरले होते.

१८. वंशज किंवा अभ्यासकाने नोंदी कुठे शोधाव्यात?

सांता फे इथलं राज्याचं लष्करी संग्रहालय आणि अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार, जिथे युद्धकैद्यांच्या याद्या आहेत, तिथून सुरुवात करा. व्यक्तिगत सेवापुस्तिका मिळेलच असं नाही. १९७३ मध्ये सेंट लुइसच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत त्या काळातल्या लष्करी जवानांच्या बहुतेक फायली जळाल्या. नाव शोधताना २०० वी आणि ५१५ वी, दोन्हीखाली पाहा. स्पॅनिश आडनावं जपानी छावण्यांच्या कागदांत वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली सापडतात, म्हणून जुळणारं नाव लगेच मिळालं नाही तर थांबू नका.

१९. ९ एप्रिलला सांता फेमध्ये पांढरा झेंडा का चढवतात?

जुन्या राज्य विधानभवनाला आता ‘बाटान मेमोरियल बिल्डिंग’ म्हणतात. शरणागतीच्या तारखेला तिथे स्मरणसोहळा होतो आणि त्यात पांढरा झेंडा वर जातो, त्या दिवशी बाटानमध्ये गेला होता तसा. फिलिपिन्समध्ये हाच दिवस ‘आराव नांग कागितिंगान’, म्हणजे शौर्यदिन, म्हणून सुट्टीचा असतो. याशिवाय १९८९ पासून स्मृतिकूच भरते; १९९२ पासून ती न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या वाळवंटात होते. ४२ किलोमीटरचं अंतर, कित्येकजण पाठीवर ओझं घेऊन चालतात. पूर्वी शेवटच्या रेषेपाशी खुर्चीत बसलेले रेजिमेंटचे म्हातारे जवान येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायचे.